कलोडनचें माळरान आणि असईचा हत्ती

गेल्या वर्षीं ज्येष्ठाच्या सुमारास आमचा मुक्काम स्कॉटलंडच्या उत्तर भागांत, इन्व्हरनेस या शहरीं, सहा आठवडे होता. चिरंजीव तेथें वैद्यकी करतात. नातू दहा वर्षांचा असून तेथल्याच शाळेंत जातो. आम्ही उभयतां त्यांस भेटावयास म्हणून गेलों खरे. परंतु ज्यानें एकतीस वर्षें जालन्याच्या हायस्कुलांत इतिहास शिकविला, तो मनुष्य परमुलखांत जाऊन केवळ चहा पीत व नातवास खेळवीत बसेल, हें संभवनीय नव्हतें. त्या दिवसांत तेथें सूर्य रात्रीं दहा वाजून गेल्यावर मावळतो, आणि मावळल्यावरहि उत्तरेच्या क्षितिजावर उजेड रेंगाळत राहतो. सायंसंध्येची वेळ कोणती धरावी हा प्रश्न पहिल्या आठवड्यांत आम्हांस खरोखरीच पडला होता. सौभाग्यवतीनें ‘जेवणापूर्वींची’ असा त्याचा निकाल लावला. त्यास शास्त्राधार नसला तरी तो सोयीचा होता. दिवस एवढा मोठा असल्यामुळें चिरंजीव दवाखान्यांतून परतल्यावरहि आम्हांस मोटारींत घालून दहा-वीस मैल सहज फिरवून आणीत.

तो सारा मुलूख पडक्या वास्तूंनीं भरलेला आहे. नेस सरोवराच्या कांठीं उर्कर्टचा किल्ला आहे. १६९२ सालीं तेथील सरकारी शिबंदी किल्ला सोडून निघाली, तेव्हां तो शत्रूच्या उपयोगीं पडूं नये म्हणून तिनेंच त्याचा दरवाजा सुरुंगानें उडविला. हल्लीं तेथें प्रवाशांची दाटी विलक्षण असते, आणि त्यांतील निम्म्यांची नजर किल्ल्याकडे नसून सरोवरांतील त्या प्रसिद्ध प्राण्याच्या शोधांत असते. आम्हीं तो तासाभरांत पाहिला व त्याविषयीं येथें अधिक लिहीत नाहीं. लिहावयाचें आहे तें शहराच्या पूर्वेस दहा-बारा मैलांच्या टापूंत असलेल्या तीन स्थळांविषयीं. एका सुटीच्या दिवशीं सकाळीं निघून आम्हीं तीं तिन्ही पाहिलीं.

पहिलें स्थळ क्लाव्हा. नेर्न नावाच्या लहानशा नदीच्या कांठीं, झाडांच्या राईंत, दगडगोट्यांचे तीन मोठे वर्तुळाकार ढीग रचलेले आहेत, आणि प्रत्येकाभोंवतीं उभ्या शिळांचें कडें आहे. हीं सुमारें चार हजार वर्षांपूर्वींचीं थडगीं होत. आमच्याकडे प्रवरेच्या कांठीं दायमाबादेस ज्या काळीं मातीचीं घरें बांधून लोक शेती करीत होते, साधारण त्याच काळीं येथील लोक हे दगड वाहून आणीत होते. दोन ढिगांच्या पोटांत गोल दालन असून तेथपर्यंत जाण्यास अरुंद वाट ठेविली आहे. मधल्या ढिगास मात्र वाटच नाहीं. छतें केव्हांच पडून गेल्यामुळें आतां दालनांत आकाश दिसतें. भोंवतालच्या शिळा सारख्या उंचीच्या नाहींत. नैर्ऋत्येकडील सर्वांत उंच, आणि तेथून ईशान्येकडे त्या क्रमानें ठेंगण्या होत जातात. दोन्ही वाटांचीं तोंडेंहि नैर्ऋत्येकडेच आहेत. दक्षिणायन संपतें त्या दिवशीं, म्हणजे डिसेंबरच्या २१ तारखेच्या सुमारास, मावळत्या सूर्याचा किरण त्या वाटेंतून सरळ आंत शिरून दालनाच्या मागच्या भिंतीवर पडतो. हें वाचून आम्ही बराच वेळ त्या भिंतीपुढें उभे राहिलों. ज्यांच्याजवळ धातूचीं हत्यारें नुकतीं कोठें येऊं लागलीं होतीं, त्यांनीं अयनाचा दिवस नेमका हेरून एवढाल्या शिळा त्या रेषेंत बसविल्या! आणि एवढा खटाटोप कोणासाठीं? उत्खननांत येथें फारच थोड्या अस्थि मिळाल्या. एकेका ढिगांत एखाददुसऱ्याच माणसास ठेविलें असावें असें त्यावरून विद्वान् मानतात. त्याचें नांव नाहीं, कूळ नाहीं, भाषा नाहीं. राहिला आहे तो फक्त सूर्याचा एक किरण, वर्षांतून एकदां येणारा; तोहि आभाळ निवळ असेल तर.

एक गंमत येथें सांगण्याजोगी आहे. ती राई पाहून आम्हांस देवराईची आठवण झाली व तसें आम्ही बोलूनहि गेलों. परंतु हीं झाडें जुनीं नव्हेत. ड्रुइड म्हणून त्या देशांत प्राचीन काळीं जे पुरोहित होते त्यांचेंच हें देवस्थान असलें पाहिजे, अशी एकोणिसाव्या शतकांतील हौशी लोकांची समजूत होऊन त्यांनीं शोभेसाठीं तीं लावलीं. वस्तुतः हे ढीग ड्रुइडांच्या कित्येक शतकें अगोदरचे. पुराणवस्तूंस आपल्या मनांतील पुराणाचा पोषाख चढविण्याची खोड आपल्याच देशांत आहे असें नव्हे, एवढें समाधान आम्हीं पदरांत पाडून घेतलें.

क्लाव्हाहून नदी ओलांडून वर चढलें कीं मैलाभरांत कलोडनचें माळरान लागतें. वाटेंत एकोणतीस कमानींचा रेल्वेचा दगडी पूल दिसतो. १८९८ सालीं बांधलेला. नातवास त्याचें कौतुक अधिक, परंतु कलोडन येतांच तो एकदम गंभीर झाला. त्याच्या शाळेंत तो धडा नुकताच झाला होता. आमचें बोट धरून ‘आजोबा, निळीं निशाणें आपलीं, तांबडीं त्यांचीं’ असें तो सांगूं लागला. रानांत दोन्ही सैन्यांच्या रांगा जेथें उभ्या होत्या तेथें खरोखरच निळीं व तांबडीं निशाणें रोवलेलीं आहेत. त्याच्या तोंडचा तो ‘आपलीं’ शब्द आमच्या कानास किंचित् लागला. पण तेव्हां आम्ही कांहीं बोललों नाहीं.

कलोडनची हकीकत आमच्या कित्येक वाचकांस ठाऊक असेल. ज्यांस नसेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत देतों. १६८८ सालीं पदच्युत झालेल्या दुसऱ्या जेम्स राजाचा नातू चार्ल्स एडवर्ड स्ट्यूअर्ट हा १७४५ सालीं आजाचें सिंहासन परत घेण्यासाठीं फ्रान्सकडून स्कॉटलंडांत उतरला. डोंगरी मुलखांतील अनेक कुळांचे नाईक आपापलीं माणसें घेऊन त्यास मिळाले. ते इंग्लंडांत डर्बीपर्यंत, लंडन सव्वाशें मैलांवर राहिलें एवढे, पुढें गेले आणि तेथून माघारे वळले. शेवटची गांठ या माळावर १७४६ च्या एप्रिलच्या १६ व्या तारखेस पडली. सरकारी फौजेचा सेनापति ड्यूक ऑफ कंबरलंड, तोहि राजपुत्रच. दोघांचें वय पंचवीस. लढाई तासाभरांत आटोपली. चार्ल्सच्या पक्षाचे बाराशेंपासून पंधराशेंपर्यंत लोक पडले. सरकारी फौजेचे मेलेले सुमारें पन्नासच. ब्रिटनच्या भूमीवर समोरासमोर झालेली ही शेवटची मोठी लढाई होय.

वर्गांत ज्यानें पानिपत शिकविलें आहे त्यास या माळावर उभें राहिल्यावर पानिपत आठवल्यावांचून राहणार नाहीं. तेंहि यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनीं झालें. डोंगरी लोकांचें बळ एकाच गोष्टींत होतें: उतारावरून एकदम तुटून पडावयाचें, तरवारीनें कापाकाप करावयाची. सपाट, पाणथळ माळ हा त्यांस पोषक नव्हे, असें चार्ल्सचाच एक कसलेला सरदार लॉर्ड जॉर्ज मरे याचें मत होतें. तें ऐकिलें गेलें नाहीं. आदल्या रात्रीं कंबरलंडच्या छावणीवर छापा घालावयाचा म्हणून सारें सैन्य अंधारांतून नेर्न गांवाच्या दिशेनें निघालें. वाट सरेना, पहांट होऊं लागली, तेव्हां तसेंच माघारें फिरलें. अन्न जवळजवळ नव्हतेंच. झोंपेनें व भुकेनें अर्धमेले झालेले ते लोक तोफांपुढें उभे राहिले आणि हुकूम मिळेपर्यंत उभ्या-उभ्या गारद होत गेले. भाऊसाहेबांच्या फौजेचे उपास, गनिमी काव्याविषयींचा तो वाद आणि तो शेवटचा दिवस यांची आठवण येऊन आमचा पाय कांहीं वेळ तेथून हलेना.

एक गोष्ट मात्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. ही लढाई स्कॉच विरुद्ध इंग्रज अशी नव्हती. कंबरलंडच्या बाजूस स्कॉच पलटणीहि होत्या, आणि खुद्द डोंगरी मुलखांतील कित्येक कुळें राजाच्या पक्षास होतीं. नातवाच्या धड्यांतहि ही गोष्ट होती असें दिसलें, कारण त्यानेंच ती आम्हांस सांगितली. परंतु मनुष्याचें मन असा सूक्ष्म हिशेब ठेवीत नाहीं. हरणाऱ्याच्या बाजूस तें आपोआप जातें.

माळावर झुडपी हेदर वाढलेलें असून अधूनमधून गवताचे लांबट उंचवटे दिसतात. त्या एकत्र पुरलेल्यांच्या कबरी. प्रत्येकीच्या उशाशीं ओबडधोबड धोंडा, आणि त्यावर कुळाचें नांव: मॅकिंटॉश, कॅमेरॉन, फ्रेझर. एकावर ‘मिश्र कुळें’ एवढेंच. हे धोंडे व मधला वीस फूट उंचीचा दगडी स्मारकस्तंभ १८८१ सालीं, म्हणजे लढाईनंतर एकशें पस्तीस वर्षांनीं, तेथील जमीनदारानें उभारला. फ्रेझरांच्या धोंड्यापाशीं फुलांचे गुच्छ इतरांहून फार. चौकशी करतां कळलें, कीं एका लोकप्रिय अमेरिकन कादंबरीचा नायक या कुळांतला असून तिच्यावरून टेलिव्हिजनवर मालिका निघाल्यापासून येथें वाचकांची रीघ लागली आहे. गवत तुडवलें जाऊं नये म्हणून मध्यंतरीं तेथें दोरी बांधण्याची पाळी आली होती. कल्पित नायकासाठीं वाहिलेलीं तीं फुलें खऱ्या मृतांच्या वांट्यास आलीं, हा योग कांहीं वाईट नव्हे. सौभाग्यवतीनें ‘मिश्र कुळें’ या धोंड्यापाशीं थांबून रानांतलीं दोन पिवळीं फुलें त्यावर ठेविलीं. ‘याला कोणी नाहीं,’ एवढेंच ती म्हणाली.

लढाईनंतर जें झालें तें लढाईहून वाईट. जखमींस माळावरच मारण्यांत आलें. कंबरलंडास ‘खाटिक’ हें नांव पडलें तें अद्याप पुसलेलें नाहीं. कुळांच्या नाइकांचे न्यायनिवाड्याचे वंशपरंपरागत हक्क कायद्यानें गेले. चौकटीचें डोंगरी वस्त्र नेसणें हा अपराध ठरला आणि तो कायदा १७८२ पर्यंत चालू राहिला. त्यास एक अपवाद होता: जो राजाच्या पलटणींत भरती होईल त्यास आपल्या बापजाद्यांचा पोषाख उघडपणें घालतां येई. या अपवादांत केवढें राजकारण आहे तें वाचकांनीं पाहावें.

तें राजकारण दगडांत पाहावयाचें असेल तर तिसऱ्या स्थळीं, फोर्ट जॉर्ज येथें जावें. मरे नांवाच्या आखातांत शिरलेल्या एका निमुळत्या भूशिरावर हा किल्ला आहे. डोंगरी लोकांनीं पुन्हां डोकें वर काढूं नये म्हणून १७४८ सालीं त्याचें काम सुरू झालें तें १७६९ सालीं संपलें. अंदाजपत्रक सुमारें ब्याण्णव हजार पौंडांचें होतें. खर्च दोन लाखांच्या वर गेला. सरकारी बांधकामांची ही रीत सार्वदेशिक दिसते. आमच्या गिरिदुर्गांची भव्यता येथें नाहीं. दुरून पाहतां किल्ला आहे असेंहि वाटत नाहीं, कारण तट जमिनीसरसे, आंतून मातीनें भरलेले व वर हिरवळ वाढलेले. ताऱ्याच्या टोंकांसारखे बुरूज, बाहेर खंदक, त्यावर पूल. सारी योजना तोफांच्या हिशेबानें केलेली. आणि मौज अशी, कीं या तटावरून शत्रूवर एकहि गोळा कधीं उडाला नाहीं. किल्ला पुरा होईपर्यंत ज्यांच्याविरुद्ध तो बांधला तेच लोक त्याच्या दरवाजांतून भरती होण्यासाठीं आंत येऊं लागले होते. आम्हीं तटावरून फेरी घातली. खालीं समुद्रांत डॉल्फिन मासे उसळतात म्हणतात. आम्हांस दिसले नाहींत. पलटणींच्या कुत्र्यांसाठीं राखलेलें एक लहानसें स्मशान मात्र दिसलें, प्रत्येक कुत्र्याचें नांव कोरलेलें.

किल्ल्यांतील एका जुन्या वाड्यांत डोंगरी पलटणींचें संग्रहालय आहे. येथवर आमचा दिवस पाहुण्याचा दिवस होता. संग्रहालयांत हिंडतां हिंडतां एका कपाटापुढें नातू थांबला व मोठ्यानें म्हणाला, ‘आजोबा, हत्ती!’ पाहतों तों पलटणीच्या एका चिन्हांत हत्ती कोरलेला आणि त्यावर इंग्रजी अक्षरांत एकच शब्द: असई.

शाळेंत आम्ही ही लढाई दर वर्षीं फळ्यावर काढीत असूं. दोन नद्या, केळणा आणि जुई. त्यांच्या मधल्या बेचक्यांत शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजा. आर्थर वेलस्लीच्या वाटाड्यांनीं पुढें उतार नाहीं म्हणून सांगितलें. त्यानें मात्र दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गांवें पाहिलीं आणि ज्या अर्थीं गांवें समोरासमोर आहेत त्या अर्थीं मध्यें उतार असलाच पाहिजे, असें ताडून फौज पलीकडे नेली. तारीख १८०३ च्या सप्टेंबरची २३ वी. शिंद्यांच्या तोफांनीं इंग्रजांची दाणादाण उडविली. लढाईंत उतरलेल्या त्यांच्या सुमारें साडेचार हजारांपैकीं पंधराशेंहून अधिक ठार व जखमी झाले. तरी शेवटीं मैदान त्यांच्या हातीं राहिलें. मुलें उताराची युक्ति ऐकून खूष होत, आणि आम्हीहि ती रंगवून सांगत असूं. परंतु नदीकांठच्या बाजूनें चालून आलेली ती ७८ वी डोंगरी पलटण कोठून आली होती, हें एकतीस वर्षांत आम्हांस एकदांहि विचारावेंसें वाटलें नाहीं. ती येथून आली होती. मॅकेन्झी कुळाच्या नाइकानें १७९३ सालीं ती उभी केली, आणि त्या वर्षींच्या जुलै महिन्यांत याच फोर्ट जॉर्जच्या आवारांत तिची पहिली पाहणी झाली. पाहणी करणारा सेनापति हेक्टर मन्रो, म्हणजे १७६४ सालीं बक्सारची लढाई जिंकणारा तोच. आखातापलीकडे आपल्या मुलखांत एका टेकडीवर या गृहस्थानें नागपट्टणच्या वेशीची नक्कल, मुद्दाम पडकी दिसेल अशी, बांधून ठेविली आहे. दुष्काळी लोकांस काम मिळावें हा त्यांत हेतु होता म्हणतात. खऱ्या भग्नावशेषांनीं भरलेल्या देशांत आणखी एक खोटा, आणि तोहि आपल्या देशांतून नेलेला!

असईपूर्वीं सुमारें दीड महिना याच पलटणीच्या लोकांनीं अहमदनगरच्या पेठेच्या तटास शिड्या लावल्या. १८५७ सालीं हॅवलॉकच्या हाताखालीं कानपुराकडे नानासाहेबांच्या फौजेवर चालून गेली ती हीच. आणि ग्रँट डफ, ज्यांच्या ग्रंथावर कीर्तन्यांनीं एवढी परखड टीका केली, तेहि याच किनाऱ्यावर पूर्वेस बॅन्फ या गांवीं जन्मले. आमची मोडलेली घडी आणि तिचा लिहिलेला इतिहास, दोन्हींचा उगम या थंड आखाताच्या कांठीं शोधावा लागेल, हें आम्हांस साठाव्या वर्षांनंतर कळलें.

‘असई कोठें आहे?’ नातवानें विचारलें.

‘आपल्या जालन्याजवळ.’

त्यानें क्षणभर हत्तीकडे पाहिलें. ‘म्हणजे तेथें आपण जिंकलों कीं हरलों?’

सकाळचा तो ‘आपलीं’ शब्द आतां आमच्यापुढें उत्तर मागत उभा राहिला. कलोडनला ज्यांचीं घरें जळालीं त्यांचे नातू असईस राजाचा पोषाख घालून आले होते. तो ज्या शाळेंत जातो तेथें त्या कुळांचीं नांवें असलेलीं मुलें त्याच्या बांकावर बसतात. आणि शिंद्यांच्या तोफांपाशीं उभे राहून मेलेले गोलंदाज, ज्यांनीं तोफा सोडल्या नाहींत असें शत्रूनेंहि लिहून ठेविलें, ते आमच्या बाजूचे. आम्हीं म्हटलें, ‘आपण दोन्ही बाजूंस होतों, बाळ.’ उत्तर खरें होतें कीं पळवाट, हें आजहि आम्हांस सांगतां येत नाहीं. त्याचें समाधान झालें नाहीं एवढें दिसलें. तो पुढें म्हणाला, ‘तेथेंहि असे नांवांचे धोंडे आहेत का? तुम्हीं पाहिले आहेत?’

कपाटाच्या कांचेंत चिरंजीवांचा चेहरा दिसत होता. त्यांसहि ती लढाई आम्हींच शिकविलेली. फळ्यावरचा तो नकाशा आम्हांस अजून डोळे मिटून काढतां येईल. नद्यांचीं वळणें, तोफांची रांग, उतार, सर्व. पण जालन्याहून भोकरदनमार्गें मोटारीनें दोन-एक तासांच्या वाटेवर असलेल्या त्या गांवीं आम्ही आयुष्यांत कधीं पाऊल ठेविलेलें नाहीं. शाळेची सहल अजिंठ्यास गेली, वेरुळास गेली, दौलताबादेस तर दर दोन वर्षांनीं गेली. असईस नाहीं. तेथें पाहण्यासारखें काय आहे, असें कोणीतरी म्हणे, आणि तो कोणीतरी बहुधा आम्हीच असूं.

‘नाहीं पाहिले,’ असें आम्हीं सांगितलें.

परततांना रात्रीचे आठ वाजून गेले होते तरी ऊन होतें. मोटार कलोडनच्या माळावरूनच आली. निळीं-तांबडीं निशाणें वाऱ्यावर होतीं आणि प्रवासी निघून गेले होते. नातू सौभाग्यवतीच्या खांद्यावर झोंपी गेला होता. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग ती हलकेच म्हणाली, ‘अहो, भोकरदनला वन्संकडे आपण दर दिवाळीला जातोंच कीं. या खेपेस एक दिवस जास्त राहूं.’